थाप पडेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

फोनवर तू ओरडतेस, मग माझाही आवाज चढतो आणि दोन मिनिटांत आपल्यापैकी कुणीतरी फोन आपटतं. म्हणून लिहितोय. शांतपणे वाच. जमलं तर बसून वाच.

झालं ते असं. गेल्या महिन्यात, भेटायच्या वेळेत, दुपारी साडेचारच्या सुमाराला आमच्याकडचा एक पेशंट बिथरला. साठीचे गृहस्थ, शिंपी आहेत, हॉस्पिटलच्या मागच्याच गल्लीत दुकान. तीन दिवस तापाने फणफणलेले, डोकं ठिकाणावर नव्हतं. घरी जायचं म्हणून सलाईन उपटून टाकली, आडव्या आलेल्या सिस्टरला ढकललं, ती औषधांच्या ट्रॉलीवर आदळली. मी दुसऱ्या वॉर्डात होतो. नेहमीप्रमाणे हाक आली, "ब्रदरला बोलवा." मी गेलो, त्यांचा उजवा हात काखेत घेतला, पलंगावर ओणवं केलं आणि धरून ठेवलं. दहा सेकंद असेल. त्यांनीच झटका दिला आणि कोपर गेलं. आता म्हणे हात सरळ होत नाही.

त्यांच्या मुलीने तक्रार केली आहे. २ मार्चला चौकशी समिती बसते. तोपर्यंत मी घरी. अकरा वर्षं नोकरी केली, ताई, आणि मेट्रनबाईंनी माझ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

सोबत एक मजकूर पाठवतोय. आमच्या युनियनच्या माणसाने लिहून दिलाय. तू फक्त क्लासच्या लेटरहेडवर उतरवून सही-शिक्का कर. तुझा शब्द तिथे चालेल. इतकी वर्षं ज्युदो शिकवतेस, तुला लोक ओळखतात. माझी नोकरी या कागदावर आहे, एवढं लक्षात ठेव.

तुझा,
ठोंब्या

९ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद वगैरे नंतर. आधी तुझ्या त्या युनियनवाल्याला सांग की दुसऱ्याच्या नावाने मराठी लिहू नकोस. "सदर पकड ही पूर्णतः निरुपद्रवी असून रुग्णाने स्वतःहून दिलेल्या झटक्यामुळे इजा उद्भवली." निरुपद्रवी! कोपराच्या लॉकला निरुपद्रवी म्हणणाऱ्याला एकदा माझ्या मॅटवर पाठव. दोन मिनिटांत त्याची भाषा सुधारते की नाही बघ.

माझ्याकडे असे कागद मागायला लोक येतात, नाही असं नाही. सिक्युरिटीत भरती व्हायचं असतं, ब्राऊन बेल्टचं पत्र हवं असतं. एकीला नवऱ्याच्या घरातून बाहेर पडायचं होतं आणि कोर्टात दाखवायला हवं होतं की ती रोज संध्याकाळी सहा ते आठ कुठे जाते. दिलं मी. जे डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं. तुझ्या वॉर्डात मी नव्हते. मग मला प्रश्न विचारू दे.

एक. तापाने फणफणलेल्या साठीच्या माणसाला कोपराचा लॉक कशाला? अंगावर रेलून नुसतं दाबून धरता आलं नसतं? तुझं वजन पंच्याऐंशी किलो आहे, ते काय शोभेला आहे?

दोन. त्यांचा अंगठा कुठल्या दिशेला होता? वर असेल तर कोपर तुझ्या ताब्यात होतं. मग "त्यांनीच झटका दिला" हे मला सांगू नकोस. ते समितीला सांग, त्यांना कळत नाही.

तीन. दहा सेकंद? नक्की?

उत्तरं आल्याशिवाय शिक्का डब्यातून बाहेर निघणार नाही. आणि फोन करू नकोस. मी उचलणार नाही. गुडघा दुखतोय, शाळेत पी.टी.चे चार तास उभं राहून आलेय, मला ओरडायची ताकद नाही.

ताई

१४ फेब्रुवारी

ताई,

वा! सख्ख्या भावाची उलटतपासणी. समितीने तुलाच बोलवायला हवं होतं.

तुला एक तरी गोष्ट माहीत आहे का इथली? मला नोकरी लागली तेव्हा मुलाखतीत नर्सिंगचे दोन प्रश्न विचारले आणि वीस मिनिटं माझ्या ब्लॅक बेल्टवर गप्पा मारल्या. मला वाटलं, कौतुक आहे. पहिल्या आठवड्यात कळलं कशाचं ते. कुठे कुणी दारू पिऊन आलं, ब्रदरला बोलवा. कुणाचे नातेवाईक डॉक्टरच्या अंगावर धावले, ब्रदरला बोलवा. मी सलाईन लावत असलो तरी ती टाकून जायचं. माझ्याइतक्या सफाईने शीर पकडणारा त्या मजल्यावर कुणी नाही, लहान बाळाचीसुद्धा एका टोचणीत सापडते मला. पण ते कुणाच्या तोंडी नाही. मला माणसं दाबायला ठेवलंय. आणि अकरा वर्षांत माणूस कसा धरायचा याचं एक दिवसाचं प्रशिक्षण नाही दिलं. गरज काय? ह्याला येतं की!

आता अंगाशी आलं तर म्हणतात, "अशी पकड वापरण्याची परवानगी नव्हती." परवानगी! मेट्रनबाईंनी स्वतः तीनदा टाळ्या वाजवल्यात माझ्यासाठी. आता सगळ्यांनी हात झटकले, आणि मला वाटलं एक माणूस तरी माझ्या बाजूने उभा राहील.

पण तू कधी राहिलीस? क्लासमध्येही तुझं तेच. बाकीच्यांना एकदा सांगायचीस आणि मला चारदा. भाऊ म्हणून लाड होताहेत असं कुणाला वाटायला नको. तुझं नाव जपायला मी कायम चारचौघांत बोलणी खाल्ली. एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी सही कर.

ठोंब्या

१७ फेब्रुवारी

ठोंब्या,

हॉस्पिटलबद्दल लिहिलंस ते वाचून डोक्यात तिडीक गेली. ते खरं आहे आणि ते मी समितीला लिहीन, पोटभर लिहीन.

पण मी तीन प्रश्न विचारले होते. दोन पानं लिहिलीस आणि एकाचंही उत्तर नाही. लहानपणी काही फोडलंस की असाच शाळेच्या, मास्तरांच्या, शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगत बसायचास.

किती वेळ धरलं होतंस?

मजकूर परत पाठवतेय, सही न करता.

ताई

२१ फेब्रुवारी

ताई,

ऐक तर मग. तुलाच हवंय ना?

दहा सेकंद नाही. मिनिट तरी असेल. सिस्टर म्हणते दीड. अंगठा वर होता. कोपर माझ्या ताब्यात होतं. त्यांना झटका द्यायला जागाच नव्हती. मी थोडं थोडं वर उचलत गेलो, जसं मॅटवर जातो तसं, एक बोट, आणखी एक बोट.

आणि मी थाप पडायची वाट बघत होतो.

हसू नकोस. रडूही नकोस. मी वॉर्डात उभा होतो, अंगावर युनिफॉर्म, समोर पलंग, आणि माझी नजर त्यांच्या डाव्या हातावर होती. मोकळा होता तो. गादीवर उघडा पडला होता. माझ्या डोक्यात एवढंच की अजून थाप मारली नाही, म्हणजे अजून सोसतंय, म्हणजे अजून सोडायचं नाही. त्या माणसाला कुणी सांगितलं होतं की हरलो म्हणायला दोनदा गादीवर हात मारायचा असतो? कपडे शिवण्यात जन्म गेला त्याचा! हे मला आत्ता कळतं. तेव्हा कळलं नाही. आतून काहीतरी तुटल्याचं हाताला लागलं तेव्हा सोडलं.

आता तुला विचारतो. हे कुणी शिकवलं? "थाप पडेपर्यंत सोडायचं नाही." रोज संध्याकाळी, टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये, चौदा वर्षं. वॉर्मअपनंतर एकदा आणि घरी जाताना एकदा.

सोळा वर्षांचा होतो, आठवतंय? उपांत्य फेरी. त्या पोराचा हात माझ्या लॉकमध्ये होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि मी सोडला. त्याने थाप मारली नव्हती. पंचांनी काही दिलं नाही, तो उठला आणि त्याने मला पाठीवर आपटलं. हरलो. तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं केलंस आणि म्हणालीस, "दया घरी ठेवून यायची." सगळे हसले. मला तो पोरगा दुखावला जाईल असं वाटलं होतं, ताई. तेवढंच होतं. ते तू माझ्यातून काढून टाकलंस, आणि मी चांगला विद्यार्थी होतो, परत कधी चुकलो नाही.

आता लिही काय लिहायचं ते. नाहीतर नको लिहूस. मला फरक पडत नाही.

ठोंब्या

२८ फेब्रुवारी

ठोंब्या,

आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण आधी तुझा राग आला आणि नंतर कुणाचा येतोय तेच कळेना.

तुझं पत्र मिळालं त्या संध्याकाळी मोठ्यांची बॅच होती. मी नेहमीचं बोलून गेले. तोंडातून आपोआप निघतं ते, थाप पडेपर्यंत सोडायचं नाही. एक नवीन बाई आहे, बस चालवते, महिना झाला नसेल येऊन. तिने विचारलं, "आणि समोरच्याने मारलीच नाही तर?" मी खेकसले तिच्यावर. "मारतोच," म्हटलं. "दुखलं की मारतोच." सव्वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि मला स्वतःलाही पडला नव्हता. मॅटवर दोघांनाही नियम माहीत असतो, म्हणून तो नियम. बाहेर एकालाच माहीत असतो. एवढी साधी गोष्ट मी एकदाही बोलले नाही. बॅच अर्ध्यात सोडली.

उपांत्य फेरीचंही आठवतं. तू बरोबर होतास आणि मला मेडल हवं होतं. क्लासच्या भिंतीवर एकही मेडल नव्हतं तेव्हा आणि लोक म्हणायचे, बाई काय शिकवणार. माझी चूक होती. हे कागदावर लिहिताना दात आवळले जातायत, पण लिहिलं.

आता दुसरं. मी बुधवारी तुझ्या गावात येऊन गेले. सहा तास बसने. तुझ्याकडे आले नाही, मुद्दाम. त्या शिंप्याच्या दुकानात गेले.

दुकान उघडं होतं. मुलगी मशीनवर बसली होती आणि ते बाजूला स्टुलावर, उजवा हात गळ्यात अडकवलेला. डाव्या हाताने खडूची रेघ मारत होते, ती वाकडी जात होती, पुसत होते, परत मारत होते. मी नाव-गाव सांगितलं.

"म्हणजे तो तुमचा भाऊ," ते म्हणाले.

"हो."

"आणि हे धंदे शिकवले कुणी?"

"मी."

"मग बाहेर व्हा आधी."

मी पायरीवर जाऊन उभी राहिले. मला कुणी असं बाहेर काढून किती वर्षं झाली असतील! बऱ्याच वेळाने मुलगी आली आणि आत या म्हणाली. त्यांना बोलायचं होतं. माफी ऐकायची नव्हती, मी तोंड उघडलं की हात करून गप्प करत होते.

ते म्हणाले, "मी शुद्धीत नव्हतो म्हणतात. नसेन. त्या पोरीला मी ढकललं, त्याची मला लाज वाटते. पण एक मला लख्ख आठवतं. मी त्याला सोड म्हणालो. आधी 'सोड रे' म्हणालो. मग 'सोडा' म्हणालो. मग 'सोडा हो साहेब' म्हणालो. माझ्या मुलाच्या वयाच्या माणसाला मी अहो-जाहो करून विनवलं, बाई. माणसाने अजून काय करायचं असतं?"

ठोंब्या, हे तू मला लिहिलं नाहीस.

थापेचं लिहिलंस, माझं लिहिलंस, उपांत्य फेरीचं लिहिलंस. त्यातलं सगळं खरं. पण तो माणूस तोंडाने बोलत होता. मराठीत बोलत होता! हे मी शिकवलेलं नाही. माझ्या मॅटवर कुणी "सोड" म्हटलं तर तुम्ही सोडत होतात, पंचसुद्धा लढत थांबवतात. हे बहिरेपण तुझं आहे, तिथलं आहे, अकरा वर्षं माणसं दाबून दाबून आलेलं. माझ्या वाटणीचं मी घेईन. हे घेणार नाही.

समितीला मी माझं पत्र पाठवलंय, रजिस्टर्ड. त्यात तीन गोष्टी आहेत. ते वाक्य मी शिकवलं, आणि अर्धंच शिकवलं. हॉस्पिटलने तुला नर्स म्हणून घेतलं आणि पहिलवान म्हणून वापरलं. आणि तो माणूस सोड म्हणत होता, हे त्याने मला स्वतः सांगितलं. तिसरं लिहिताना नोकरी जाईल हे मला समजत होतं. तरी लिहिलं. मला शिव्या घाल, घालशीलच. पण समितीत तुला विचारतील, तेव्हा खोटं बोललास तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.

ताई

६ मार्च

ताई,

नोकरी गेली. आधी तेच सांगतो, म्हणजे तू ओळी गाळत खाली जाणार नाहीस.

तुझं पत्र अध्यक्षांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तुझ्या अक्षरापाशी दोनदा अडखळले. हॉस्पिटलचा भाग आला तेव्हा मेट्रनबाई फाईलमध्ये डोकं घालून बसल्या. कुणीतरी "हा विषय वेगळा आहे" म्हणालं आणि तो वेगळाच राहिला. माझ्यानंतर त्या मजल्यावर आता दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतात, सिस्टरने सांगितलं. त्याला ज्युदोही येत नाही. नुसता उंच आहे.

मग मला विचारलं, "पेशंट सोडा म्हणत होता का?" युनियनवाल्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. मी म्हणालो, "हो. तीन-चार वेळा. मी ऐकलं होतं." ऐकलं नव्हतं असं म्हणता आलं असतं, ताई. गोंधळ होता, ट्रॉली पडली होती, कुणालाही पटलं असतं. पण ऐकलं होतं. त्या वॉर्डात सगळेच सोडा म्हणतात. सुई टोचली तरी म्हणतात. मी ते ऐकायचं कधी बंद केलं तेच मला सांगता येत नाही, आणि हे मी समितीलाही सांगितलं.

तू बरोबर केलंस, असं मी म्हणणार नाही. निदान या महिन्यात तरी नाही. माझ्या गावात येऊन, माझ्या घरावरून जाऊन, मला न भेटता परत गेलीस. एवढं कडक कुणी वागतं का आपल्या माणसाशी? बायकोने तुझं पत्र वाचून पातेलं आपटलं. मी अजून रागावलोय, आणि राहणार आहे. तुझ्या क्लासमध्ये त्या बसवाल्या बाईची माफी मागितलीस का? मागितली नसशील तर आधी ते कर. मग मला अक्कल शिकव.

काल सकाळी मी शिंप्यांकडे गेलो. दुकान बंद होतं, वरच्या मजल्यावर घर आहे, तिथे गेलो. काय बोलायचं ते चार वेळा पाठ केलं होतं. हातात वॉर्डात देतात तशी व्यायामाची चिठ्ठी होती, कोपर हळूहळू सरळ करायचा रोजचा व्यायाम, मी स्वतः चित्रं काढून लिहिली होती. त्यासाठी रोज येईन म्हणणार होतो. मला येतं ते, चांगलं येतं. बेल वाजवली. पावलं आली, दाराच्या पलीकडे थांबली. मी म्हणालो, "मी आहे, हॉस्पिटलमधला ब्रदर."

दार उघडलं नाही. मग आतून त्यांचा आवाज आला, मोठा नव्हता.

"जा."

पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं. एकदा ऐकून तर घ्या, एवढं तरी म्हणावंसं वाटत होतं.

मी लगेच गेलो.

ठोंब्या